गाडी शेंडीला ठेवा

जूनचा पहिला शनिवार, रात्रीचे साडेनऊ. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुरशेतच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मधल्या जागेत समोरासमोर अडकलेल्या आणखी गाड्या, आणि सगळ्यांचे दिवे चालू. शेजारी सादड्याचं मोठं झाड. काजवे याच झाडावर आहेत, असं कळल्यामुळे सगळे इथे थांबलेले. हेडलाइटच्या झोतात त्या झाडाचं पान न् पान दिसत होतं. काजवा एकही दिसत नव्हता. सव्वा तास कोणी जागचं हललं नाही. त्या रांगेत माझीही गाडी होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मलाही लागू आहे हे स्पष्ट राहील.

रांगेच्या कडेकडेने एक म्हातारबाबा चालत आले. हातात पिशवी, खांद्यावर टॉवेल. माझ्या काचेवर टकटक करून म्हणाले, "दिवा घालवा की जरा. अंधार केला तर दिसतील." मी दिवा घालवला. मागच्याने लगेच हॉर्न दिला. बाबा राजूरहून येत होते. ज्या जीपमधून ते घरी निघाले होते ती तीन किलोमीटर मागे याच गर्दीत अडकली होती. म्हणून सत्तरी ओलांडलेला तो माणूस उतरून चालत निघाला होता. स्वतःच्या गावाच्या रस्त्यावर, स्वतःच्या घरी जायला.

पाहुणे आले म्हणून घरच्याला पायी जावं लागतं, हा पाहुणचार नव्हे. हा त्रास आहे, आणि तो आपण शहरातून गाडीत भरून नेतो.

काजव्याचं गणित साधं आहे. नर चमकून मादीला हाक देतो, मादी चमकून उत्तर देते. हाक आणि उत्तर दोन्ही उजेडाची, म्हणून त्यांना अंधार लागतो. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या गवतात, जमिनीलगतच राहतात. अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन महिनोन्‌महिने वाढतात आणि पावसाच्या तोंडावर त्यांचे काजवे होतात. या जिवाला संपवायची सर्वांत सोपी रीत कोणती? रस्त्याकडेच्या ओल्या मातीवर चाक चढवायचं आणि दिवे चालू ठेवायचे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, दर शनिवारी-रविवारी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आपण नेमकं हेच करतो. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. अभयारण्य या शब्दात अभय आहे.

आता सरकारी औषधांकडे वळू. आपल्या प्रशासनाला दोनच औषधं ठाऊक आहेत. एक, बंदी. दोन, रुंदीकरण आणि वाहनतळ.

बंदी कधी येते? माणसं मेल्यावर. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, की आदेश निघाले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला, चौघांचा जीव गेला, की पुन्हा आदेश निघाले. बंदीने धोक्याच्या जागा बंद होतात, ते योग्यच आहे. पण गर्दी नाहीशी होत नाही, ती पुढच्या दरीत जाते. आणि बंदीच्या काळात चहाची टपरी, भाकरी-पिठल्याचं घरगुती जेवण, वाटाड्याची मजुरी हे सगळं बुडतं. ज्यांचा अपराध नाही त्यांची चूल बंद होते.

रुंदीकरणाचं सांगायलाच नको. डोंगर कापून रस्ता दुप्पट केला की पुढच्या वर्षी गाड्या दुप्पट येतात आणि कोंडी तिथेच राहते. कापलेला डोंगर पावसात खाली येतो तो निराळाच. वाहनतळासाठी जमीन कुणाची जाते? आदिवासी शेतकऱ्याची किंवा गावाच्या गुरांच्या गायरानाची. वर्षातल्या वीस-पंचवीस दिवसांच्या गर्दीसाठी कायमची जमीन घालवणं हा मूर्खपणा आहे. याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

तिसरं औषध आहे. त्याला सतरा सीटं असतात.

गावाने चालवलेली मिनीबस. पाहुण्याने गाडी पायथ्याला ठेवायची किंवा मुळात रेल्वेने यायचं, आणि पुढचा सगळा फेरफटका गावाच्या गाडीतून करायचा. ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. हॉलंडमध्ये शेजारबस १९७७ पासून धावते, जर्मनीत नागरिकबस १९८५ पासून. पण मला सर्वांत जवळची वाटते ती इंग्लंडमधली ककमिअर खोऱ्याची गोष्ट.

ककमिअर ही ईस्ट ससेक्समधली छोटी नदी. समुद्राला मिळते तिथे सेव्हन सिस्टर्स नावाचे पांढऱ्या खडूचे कडे आहेत. लंडनकर तिथे लोटतात, जसे आपण भंडारदऱ्याला लोटतो. या खोऱ्यातल्या गावांत बसगाड्या चालवणं कंपन्यांना परवडेनासं झालं, तेव्हा १९७६ साली गावकऱ्यांनीच मिनीबस स्वतः चालवायला सुरुवात केली. चालक स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त माणसं. आधी उद्देश एवढाच होता की म्हाताऱ्या माणसांना बाजारात, दवाखान्यात जाता यावं. पुढे त्याच गाड्या शनिवार-रविवारी पाहुण्यांसाठी गोल फेरी मारू लागल्या. बर्विक नावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनवरून निघायचं, खोरं, कडे, सीफर्डचा समुद्रकिनारा, आल्फ्रिस्टन गाव असं करून पुन्हा स्टेशनवर. दर तासाला एक. रेल्वेतून उतरा, मिनीबसमध्ये बसा, वाटेल तिथे उतरा, चार मैल चाला, पुढच्या थांब्यावर पुन्हा चढा.

या व्यवस्थेतली खरी हुशारी मिनीबसमध्ये नाही, वेळापत्रकात आहे. सोमवार ते शुक्रवार गाडी गावाची. शनिवार-रविवार पाहुण्यांची. तीच गाडी, तेच चालक. गावाला एरवी परवडली नसती अशी गाडी पाहुण्यांच्या तिकिटांमुळे उभी राहते, आणि पाहुण्यांना एरवी मिळाली नसती अशी सेवा मिळते कारण गाडी गावात आधीपासून आहे. हे ज्याला समजलं त्याला या लेखाचं सार समजलं.

उत्तरेकडे यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात हॉज नावाच्या बाजारगावातून लिटल व्हाइट बस अशीच चालते. गार्सडेल हे आडबाजूचं स्टेशन गावापासून लांब, तिथपर्यंत ती पाहुण्यांना आणायला जाते. तिथल्या लोकसंस्थेने पोस्टाचं आणि पेट्रोलपंपाचं कामही अंगावर घेतलं आहे. सरकारने किंवा कंपनीने गाव सोडलं की गावाने हात पसरायचे नाहीत, हात घालायचा. त्यांनी घातला.

त्यांचं सगळं गोड आहे असंही नाही. तिथे १ जानेवारी १९९७ च्या आधी मोटारीचा परवाना मिळालेल्यांनाच सोळा प्रवाशांपर्यंतची मिनीबस चालवायची मुभा आपोआप मिळाली. नंतरच्या पिढीला बहुतेक वेळा वेगळी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे स्वयंसेवक चालक दर वर्षी म्हातारे होत चाललेत आणि तरुण मिळत नाहीत. त्यामुळे मी एक गोष्ट इथे बजावून सांगतो: स्वयंसेवेची नक्कल आपण करू नये. इंग्लंडमधल्या निवृत्त मास्तरांच्या पाठीशी निवृत्तिवेतन आहे. घाटघरच्या तरुणाच्या पाठीशी काय आहे? तो पावसाळा संपला की नाशिकला नाहीतर मुंबईला गाडी चालवायला जातो. त्याला त्याच्याच गावात, त्याच घाटात, पगारावर गाडी चालवू द्या. हा घाट त्याच्याइतका कुणाला ठाऊक आहे?

"आपल्याकडे लोक गाडी सोडत नाहीत हो." हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. खोटं आहे. माथेरानला दस्तुरीच्या पुढे पर्यटकाची मोटार जात नाही, आणि माथेरान ओस पडलेलं नाही. लोक गाडी दस्तुरीला लावतात, अमन लॉजवरून शटल गाडीत बसतात किंवा चालत जातात, आणि घरी जाऊन त्या शांततेचंच कौतुक करतात. दुसरं उदाहरण कास पठाराचं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास होतं. फुलं पाहायला झुंबड उडाली आणि फुलंच तुडवली जाऊ लागली. मग कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा गावांतल्या लोकांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती पुढे आली. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, गाड्या पठारापासून दूर वाहनतळावर आणि तिथून पठारापर्यंत मिनीबस. गोंधळ अजूनही होतात, सुट्टीला रांगा लागतात, सगळं मान्य. पण एक हिशोब करून पाहा. तीन हजार माणसं, गाडीत चार जण, म्हणजे ७५० गाड्या. एकीला एक चिकटून उभ्या केल्या तरी तीन किलोमीटर. ही तीन किलोमीटरची रांग पठारावर नाही, खाली आहे. फुलं टिकण्याचं एक कारण हे आहे, आणि ते काम त्या गावच्या पोरांनी केलंय.

मग भंडारदऱ्याला का नाही?

नकाशा पाहा. जलाशयाभोवती रस्ता आधीच गोल आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि पुन्हा शेंडी. सुमारे ४० किलोमीटरची फेरी. या एका फेरीत घाटघरचा कोकणकडा येतो, साम्रदची सांदण दरी येते, रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर येतं, आणि काजव्यांची बरीच झाडं याच रस्त्याला आहेत. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव शेंडीपासून जवळच. आणि रेल्वे? मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते, लांब पल्ल्याच्या गाड्या इगतपुरीला थांबतात. डोंगर चढणारी पोरं वर्षानुवर्षे कसाऱ्याला उतरून जीपला लटकत घोटीमार्गे बारीला येतातच. बर्विकला जे आहे ते सगळं इथे आहे. नाही ती फक्त वेळेवर निघणारी गाडी.

माझा हिशोब कच्चा आहे, पण मांडतो. दिवसभर कुठेही चढ-उतर करायचं तिकीट १५० रुपये. दिवसाला साठ माणसं धरली तर ९,००० रुपये. एका गाडीच्या चार फेऱ्या म्हणजे १६० किलोमीटर. घाटात लिटरला आठ-नऊ किलोमीटर धरा, डिझेल १,८०० रुपयांच्या घरात. चालक आणि वाहक यांची मजुरी मिळून १,६००. उरले साडेपाच हजार. त्यातून हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती. पावसाळ्यातले आणि थंडीतले शनिवार-रविवार नीट चालले तर आठवड्याच्या बाकीच्या पाच दिवसांत तीच गाडी सकाळी कॉलेजच्या मुलींना राजूरला नेऊ शकते आणि दुपारी दवाखान्यातून परत आणू शकते. कमी भाड्यात. अशी गाडी असती तर ते बाबा त्या रात्री चालत गेले नसते.

रात्रीच्या काजवा फेरीला तर मिनीबसला तोड नाही. सतरा माणसांसाठी दोन दिवे. चालक गावचा असल्याने त्याला कोणत्या झाडाजवळ थांबायचं, कुठे इंजिन बंद करायचं हे माहीत. सोबत गावातली एक बाई किंवा मुलगी, जी टॉर्च बंद करायला लावेल आणि गवतात पाय घालू देणार नाही. शेजारच्याच पुरुषवाडीने काजवे पाहायला येणाऱ्यांना घरात उतरवायची, गावकऱ्याबरोबर पायी फिरवायची पद्धत वर्षानुवर्षे चालवून दाखवली आहे. पाहुणे नियम पाळतात. नियम सांगणारं माणूस समोर असावं लागतं, फलक पुरत नाही.

आता खरा अडथळा. कायदा.

आपल्याकडे प्रत्येक सीटचं वेगळं भाडं घेऊन वाटेत माणसं चढवणं-उतरवणं म्हणजे टप्पा वाहतूक. तिचा परवाना राज्यात मुख्यतः एसटीच्या हातात आहे. कुणी गावकरी चांगल्या हेतूने मिनीबस घेऊन असं भाडं घेऊ लागला तर तो कायद्याने अवैध प्रवासी वाहतूकदार ठरतो, वडापवाल्याच्या रांगेत. इंग्लंडने हा पेच १९८५ च्या वाहतूक कायद्यात सोडवला. त्याच्या कलम २२ मध्ये नफा न कमावणाऱ्या गावसंस्थेला बससेवेचा वेगळा परवाना आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात असं कलम कधी येईल, याची वाट पाहत बसायची गरज नाही. दार एसटीच्या घरातच उघडतं.

एसटी खासगी मालकांच्या गाड्या भाड्याने घेते. शिवशाहीच्या कितीतरी गाड्या तशाच आल्या. मग ग्रामसभेच्या किंवा महिला बचत गटांच्या संघाच्या मालकीची मिनीबस एसटीने का घेऊ नये? परवाना एसटीचा, गाडी आणि माणसं गावची. तिकीट एसटीचं, म्हणजे बायकांना अर्धं भाडं आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास हेही आपोआप लागू. डोंगरी भागासाठी यशवंती नावाच्या मिडी बस एसटीने पूर्वी चालवल्या आहेत, तेव्हा लहान गाडी एसटीला नवी नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली, आणि पुढे महामंडळाने गाव तिथे एसटी नेली. या महाराष्ट्राने एसटीवर जेवढं प्रेम केलं तेवढं कुठल्याच सरकारी खात्यावर केलं नसेल. तिच्या मुक्कामी गाड्या बंद झाल्या तेव्हा गावांनी घरातलं कुणी गेल्यासारखं दुःख केलं. त्या मुक्कामी गाडीची जागा आता गावची मिनीबस घेऊ शकते.

जीपवाल्यांचा प्रश्न कोणी विचारेल, आणि विचारलाच पाहिजे. आज या खोऱ्यात जी काही वाहतूक चालते ती त्यांच्या जिवावर. वडाप बेकायदा म्हणून आपण नाक मुरडतो, पण रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी तीच जीप असते. मिनीबस आली की पहिले चालक त्यांच्यातूनच घ्यायचे. त्यांना बाजूला टाकून बाहेरच्या ठेकेदाराला कंत्राट दिलं, तर ही योजना पहिल्याच पावसाळ्यात बंद पडेल आणि बंद पडणंच योग्य ठरेल. मुंबईच्या कंपनीने चकचकीत गाडी आणून नफा मुंबईला नेला, तर त्यात गावाचं काय? अकोले तालुक्याचा हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे ग्रामसभेचा शब्द चालला पाहिजे, असं १९९६ चा पेसा कायदाच सांगतो. फेऱ्या किती, भाडं किती, कोणत्या रात्री काजव्यांसाठी रस्ता पूर्ण बंद, हे गावाने ठरवायचं. पर्यटन खात्याने पैसे द्यावेत आणि बाजूला उभं राहावं.

आणि पाहुण्यांनो, म्हणजे तुम्ही आणि मी. आपली सवय वाईट आहे. दारातून निघून झाडाखाली उतरायचं, डिकी उघडून गाणी लावायची, पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकायच्या. गाडी हे आपलं दुसरं घर झालंय आणि त्या घरासकट आपण दुसऱ्याच्या अंगणात शिरतो. मिनीबसमध्ये बसलात तर शेजारी घाटघरची आजी बसेल, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. तिच्याशी बोला. हा डोंगर तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

जिल्हाधिकाऱ्यांना, एसटीच्या विभाग नियंत्रकांना आणि वन विभागाला एकच मागणी. मे अखेर काजवे येतील, ते कुणाच्या बैठकीसाठी थांबणार नाहीत. त्याआधी शेंडीपासून दोन मिनीबस सुरू करा. फक्त शनिवार-रविवार, फक्त एका हंगामापुरत्या. त्या रात्रींपुरता संध्याकाळी सहानंतर शेंडीच्या पुढचा रस्ता बाहेरच्या मोटारींना बंद करा. हंगाम संपल्यावर हिशोब गावच्या चावडीवर वाचून दाखवा.

आणि ही गाडी सुरू होईपर्यंत, वाचकहो, तुम्ही जाणार असाल तर गाडी शेंडीला ठेवा. पुढे गावातली जीप घ्या, सांगेल ते भाडं द्या, घासाघीस करू नका. काजव्यांच्या झाडाजवळ पोहोचलात की चालकाला दिवे घालवायला सांगा. पाच मिनिटं अंधारात उभे राहा. दिसतील.